बापूकाका आणि कापलेली फ्रेम

बापूकाकांनी सायकल घ्यायला मला बरोबर नेलं ते फक्त साक्षीदार म्हणून. काका आंब्याचे बागायतदार. पेटीच्या तळाशी काय भरतात ते पक्कं ठाऊक, त्यामुळे कोणावर विश्वास नाही. खाऱ्या वाऱ्याने चेन सारखी गंजायची, म्हणून या वेळी चेनऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी सायकल बांधून घ्यायची होती.

दुकानदाराने फ्रेम पुढे केली. काकांचं बोट फिरत फिरत मागच्या नळीवर थांबलं.

"ही इथे कापून बोल्टाने जोडलेय. मोडकी गळ्यात मारतोस होय रे?"

"काका, पट्ट्याला अशीच लागते."

"मोडकी खपवणारा असंच बोलणार. ती अखंड दे."

दुकानदाराने अखंड फ्रेम आणि पट्टा पुढे ठेवला. "घाला बघू. चेन तोडून जोडता येते, पट्टा उघडत नाही. तो त्या कापातूनच आत सरकतो."

काकांनी पट्टा सगळ्या बाजूंनी लावून पाहिला. दर वेळी नळी आडवी. मला वाटलं, आता पटलं.

काका माझ्या कानाशी आले.

"चल, निघूया. पट्टा बनवणारापण ह्याला सामील आहे."