उलट्या दिशेची ट्राम

...नाही, पण मला सांगा, ज्या गावात जन्म गेला त्या गावचा किल्ला बघायला कोण जातं? तुम्ही जाता? नाही ना? मग ग्रासा, म्हणजे आमची ही, माझ्यावरच का डाफरते? "साठी उलटली, बेलेंचा बुरूज अजून कॅलेंडरवरच बघताय, भावाला काय दाखवणार, कपाळ?" भाऊ म्हणजे कुश्तोदियो, माझ्या पाठचा, तरणाताठा असताना टोरोंटोला गेला तो आत्ता आला, आणि विमानतळावर गळ्यात पडून म्हणतो काय, "दादा, सगळं लिस्बन मला तुझ्या डोळ्यांनी बघायचंय." माझ्या डोळ्यांनी... अहो, या डोळ्यांनी बघितलंय काय, तर बेनफिकातलं माझं सलून आणि गिऱ्हाइकांची टाळकी. पण जीभ कुठं ऐकते? "चल," म्हटलं, "मी आहे ना, लिस्बनचा."

झालं. सकाळी निघालो. आधी किल्ला. किल्ल्याला अठ्ठावीस नंबरची ट्राम जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती उलट्या दिशेलाही जाते, हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नाही. कामोंइश चौकात ट्राम आली, घुसलो, सगळे पर्यटक अंगावर, कुणाचा तरी कॅमेरा माझ्या बरगडीत, आणि मी खिडकीकडे पाठ करून भावाला माहिती देतोय... "हा बघ, किल्ल्याचा चढ लागला... आणि तो पांढरा घुमट ना, ते आपलं जुनं कॅथेड्रल." कुश्तोदियो हळूच म्हणाला, "दादा, ही एश्त्रेलाची बाझिलिका आहे." मी म्हटलं, "तेच ते." आणि मी म्हणे लिस्बनचा.

त्यानंतर गडी खिडकीला डोकं टेकून बसला. मला वाटलं, विमानाचा शीण असेल. ट्राम थांबली, ड्रायव्हर म्हणाला, "शेवटचा स्टॉप, काका, उतरा आता." उतरून बघतो तर किल्ला कुठला... समोर कब्रस्तानाचं फाटक. प्राझेरेशचं. जिथं आमची आई आहे.

आता तुम्हाला सांगतो, आई गेली तेव्हा तिकडं बर्फाचं वादळ होतं, विमानं बंद, याला येता आलं नाही. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. तर यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "घुमट दिसला तेव्हाच ओळखलं मी, तू आईकडं नेतोयस. आधी आई, मग बाकीचं. तुला बरोबर सुचलं, दादा." आता काय सांगू? ट्राम चुकली म्हणू? तुम्ही म्हणाला असता? मी मान खाली घालून म्हटलं, "मग... आईला भेटल्याशिवाय कसं फिरायचं?"

पण खरी पंचाईत आत गेल्यावर. कबर कुठल्या गल्लीत? मी दर वेळी ग्रासाच्या मागं मागं जातो, तिच्या हातातल्या फुलांकडं बघत. सरूच्या रांगा सगळ्या एकसारख्या. डावीकडं वळलो, उजवीकडं वळलो, फिरून फिरून त्याच कुठल्याशा अॅडमिरलच्या संगमरवरी समाधीपाशी. कुश्तोदियोनं खांद्यावर हात ठेवला. "आधी डोळे पूस, दादा. पाण्यानं रस्ता दिसत नाहीये तुला." घाम होता हो तो. पण त्यानं असं म्हटलं आणि... खरंच आलं पाणी. कबर शेवटी त्यालाच दिसली. त्यानं आईचं नाव वाचलं, एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं, आणि तिथंच दगडावर बसला. मी शेजारी टेकलो. घरी जावंसं दोघांनाही वाटेना. मी काय मोठा सांत्वन करणार, मी तर त्याला वाटसुद्धा दाखवली नव्हती. आणि मी म्हणे लिस्बनचा.

दुपारी गेलो की बेलेंला. तिकिटाच्या खिडकीतली पोरगी त्याच्याशी सरळ पोर्तुगीजमध्ये बोलली, आणि माझ्याशी? सावकाश, इंग्रजीत, हातवारे करून. डोक्याला टोपी, गळ्यात ग्रासानं अडकवलेला कॅमेरा, तिची तरी काय चूक? मी "थँक यू" म्हटलं आणि निमूट जिना चढलो. गुडघ्यांनी हाय खाल्ली, पण वरून ती नदी... अहो, आपली तेजो एवढी रुंद आहे, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?

संध्याकाळी नदीकाठच्या कट्ट्यावर बसून गरम नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या खुसखुशीत वाट्या, खात होतो, वरून दालचिनी भुरभुरून. कुश्तोदियो म्हणाला, "दादा, आता तू टोरोंटोला ये. मी फिरवतो तुला."

"येतो की. तो तुमचा ढगात घुसलेला मनोरा बघायचाय. वरून कसं दिसतं रे?"

त्यानं बोटांवरची दालचिनी झटकली.

"लोक म्हणतात," तो म्हणाला, "छान दिसतं."