विश्रामकाकांची चार तारांची गिटार

…अहो, वासाचं सोडा हो! थिनरचा वास काय, चार महिने सबंध जिन्याने सोसला, आमच्या चपात्यांना पण यायचा, त्याचं काही नाही. पण एवढा शिकलेला मुलगा, त्याला एवढंसं दिसू नये? तुम्हाला सांगते, आमच्या समोरच्या दारातला प्रीतम, विश्रामकाकांचा एकुलता एक… वाईट नाहीये हो पोरगा! वाईट असता तर दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. ह्याने जे केलं ते प्रेमाने केलं. आता बोला!

धंदा काय ह्याचा, तर जुन्या इलेक्ट्रिक गिटारी. त्यातही जपानी, आखूड मानेच्या, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या. मी आपलं विचारलं, "लहान मुलांच्या का रे?" तर केवढा चिडला! "शालूमावशी, शॉर्ट स्केल म्हणतात त्याला! पट्ट्या जवळजवळ असतात, बोटं ताणावी लागत नाहीत." बरं बाबा! डोंबिवलीत लोक बाल्कनीत तुळस लावतात, ह्याच्या बाल्कनीत गिटारी वाळत घातलेल्या. भंगारातून आणायच्या, कुणी बिचाऱ्याने हौसेने मारलेला रंग खरवडायचा, कुणी पाडलेली भोकं बुजवायची, आणि कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तश्शी करायची. मी म्हटलं, अरे, थोडं इकडेतिकडे झालं तर काय होतं? नाही! ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल!

आता घरातच एक होती ना तसली. विश्रामकाकांची. काका वागळे इस्टेटला प्रेस मशीनवर होते आणि सुट्टीच्या दिवशी हळदी-लग्नांत वाजवायचे. एकदा प्रेस नको तेव्हा खाली आली आणि डाव्या हाताची मधली दोन बोटं अर्धी गेली. चाळीस वर्षं झाली, प्रीतमचा जन्म पण झाला नव्हता. त्यानंतर काकांनी ही आखूड गिटार घेतली, सहातल्या चारच तारा ठेवल्या, आणि राहिलेल्या बोटांवर वाजवत राहिले.

आणि दोन वर्षांपूर्वी प्रीतमच्या आईला, वासंतीताईंना, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'पाणी' म्हणता येईना हो! नुसत्या बघत राहायच्या. एका संध्याकाळी काकांनी सहज गिटार काढली, त्यांच्याच लग्नातलं हळदीचं गाणं वाजवलं… आणि ताई गायला लागल्या! शब्दांसकट! मी तव्यावर चपाती तशीच टाकून धावले. डॉक्टर म्हणाले, होतं असं, बोलायची वाट बंद होते, गायची उघडी राहते. मग रोज सहा वाजता ते गाणं. दिवसभरात ती बाई बोलायची ते एवढंच. आणि त्या गाण्यात मध्ये नवरदेवाचं नाव घेतात ना? जन्मभर 'अहो' म्हणणारी बाई रोज सहाला स्पष्ट म्हणायची, "विश्राम". काका खाली मान घालून वाजवायचे, कान लाल व्हायचे त्यांचे.

तर प्रीतमच्या डोक्यात आलं, लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतायत, आईबाबांना काहीतरी खास देऊ. पंधरा दिवसांत गिटार नवीकोरी! काका म्हणाले, "नको रे, चाललंय माझं." "बाबा, तुम्हाला नाही कळत. ही रेअर आहे!" काका म्हणाले, "बरं." तो माणूस आयुष्यभर 'बरं'च म्हणत आलाय.

फोटो टाकला मोबाइलवर, जुन्या गिटारींच्या ग्रुपवर. झालं! सगळे तुटून पडले. "भावा, नेकची वाट कोणी लावली? एका बाजूने कानस मारलीय!" "हा नट कुठल्या कारखान्यातला? पितळेचा?" "दोन तारा कुठेयत? पाप आहे हे, पाप!" प्रीतमला बापाची लाज वाटली हो… म्हणजे बापाच्या अडाणीपणाची. बसला रात्रंदिवस. नेकला, म्हणजे त्या मानेला, लाकूड चिकटवलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, पितळी नट, तारा वर ज्या तुकड्यावर टेकतात तो, फेकला, जपानवरून मागवलेला बसवला, सहा तारांची जागा केली. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल!

मग रंग. शहाडला गाड्या रंगवणारा दिपेश, त्याच्याकडे नेली. त्यात जुलै महिना! लॅकर, म्हणजे वरचं ते चकचकीत रोगण, मारला की पांढरा पडायचा. घरी आणून थिनरने खरवडा, नेऊन परत मारा, परत पांढरा. दिपेश म्हणाला, "शेठ, ह्या हवेत माझी चड्डी सुकत नाय, लॅकर काय सुकणार?" पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, तिसरा लागला. मी म्हटलं, प्रीतम, पांढरी तर पांढरी, आण रे ती! "मावशी, आता अर्ध्यावर?"

आणि इकडे ताई. सहा वाजले की तोंड उघडून तयार. काका रिकाम्या हातांनी समोर बसलेले. त्यांनी तोंडाने गुणगुणून पाहिलं, मी टाळ्या वाजवून पाहिल्या, आमचा गळा तो काय! बाल्कनीतल्या सगळ्या खोललेल्या, म्हणून पोराने दुसरीच गिटार आणून दिली होती, मोठी, ती काकांच्या हातात बसेना. ताई आधी वाट बघायच्या. मग पलंगाची दांडी वाजवायच्या, टक टक टक. सप्टेंबरात तेही थांबलं. नौपाड्याच्या डॉक्टरांनी प्रीतमला बाजूला घेतलं, म्हणे दुसरा झटका कधीही येईल, काय बोलून घ्यायचं ते घ्या. बोलून घ्या! कोणाशी? पोरगा आमच्या दारात उभं राहून रडला. बापाला मात्र सांगितलं नाही.

ऑक्टोबरात आली एकदाची. काय लाल होती म्हणून सांगू! सहा वाजता काकांनी मांडीवर घेतली, हात लावला… आणि अंगठा वर पोचेना. नेक जाड! दोन अर्धी बोटं तारांवरून घसरतायत, एक तार दाबली की शेजारची दबतेय, नुसतं खर्र खर्र. ताईंनी तोंड उघडलं होतं. ते हळूहळू मिटलं.

"बाबा, काय झालं?"

"अरे, ते आमच्या कारखान्यातल्या धाकू मिस्त्रीने घासून दिलं होतं. माझ्या बोटांच्या मापाने. चार तारा लांब लांब लावल्या, नट पण त्यानेच केला. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत बसायचा बिचारा."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुला दिसतंय."

नव्हतं हो दिसलं! तो हात त्याने जन्मल्यापासून बघितला. त्याच हाताने बापाने कडेवर घेतलं, त्याच हाताला धरून शाळेत गेला. त्याच्या लेखी बापाचा हात असाच असतो, त्यात काही कमी आहे हे त्याच्या मनात कधी आलंच नाही. ह्याला मी शिवी कशी घालू, सांगा! माझ्याच डोळ्याला पाणी आलं, आणि वर राग पण आला.

ग्रुपवाले मात्र खूष. नव्या फोटोला चारशे अंगठे! ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल!

आता धाकू मिस्त्री जाऊन अकरा वर्षं झाली. किती घासलं होतं, कुठे घासलं होतं, माप कोणाकडे आहे? तर चार दिवस झाले, प्रीतम आईच्या पलंगापाशी बसतो, कानस घेऊन. दोन तारा काढल्यात. काका नेक धरून बघतात, "इथे अजून थोडं," म्हणतात, हा घासतो. तो चार महिन्यांचा लाल रंग भुगा होऊन चादरीवर पडतो. ताई छताकडे बघत असतात. काल त्याचा हात जरा जोरात चालला, डॉक्टरांचे शब्द डोक्यात असणार, दुसरं काय! काकांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांनी अर्ध्या बोटांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "सावकाश रे. जास्त गेलं की परत लावता येत नाही."