सुलूने फीत तोडली नाही

आपला जिल्हा नवा झाला ना, तेव्हा धावणाऱ्या मुली निवडायला एक साहेब आमच्या शाळेत आले होते. मी तिथे मास्तर. शर्यतीत मच्छीमाराची सुलू सगळ्यांच्या पुढे. पण शेवटी दोन माडांना बांधलेल्या फितीपाशी ती थांबली आणि गाठ सोडवत बसली.

“अगं, तोड ती,” साहेब ओरडले.

“जाळ्याची गाठ सोडवूची, तोडूची नाय. बापूस मारतलो.”

साहेबांनी वैतागून फीतच काढली आणि मुलींना पुन्हा पळवलं. सुलू सुसाट पहिली आली आणि तशीच फाटकाबाहेर गेली.

संध्याकाळी मी तिच्या घरी. “गो, थांबलंस नाय कित्याक?”

“दोरी खंय होती थांबूक?”

साहेब तोवर शेरा लिहून गेले होते: “वेग उत्तम. सापडल्यास निवडावी.”