डाव्या चाकाची खडखड

नवरा: बॅटरी माझ्या तोंडावर नको, चाकामागे धर. आणि पुन्हा सांग, गाडी कुठं कुठं गेली?

बायको: किती वेळा सांगू? बाजार आणि दवाखाना.

नवरा: माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून गाडी तुझ्या हाती दिली. तर पुढच्या चाकांचे सांधे, बॉल जॉइंट, पार खिळखिळे! बाजाराचा रस्ता तर लोण्यासारखा आहे. हे ऐक, चाक हलवतो. खट्, खट्.

बायको: जुनी गाडी आहे. तुमचे गुडघे वाजत नाहीत?

नवरा: माझे गुडघे खोटं बोलत नाहीत. तुझ्या भावाला दिली होतीस ना?

बायको: माझ्या भावाचं नाव घेतल्याशिवाय तुम्हाला अन्न पचत नाही का हो?

नवरा: बरं, तो नसेल. तो ताडमाड, त्याला सीट मागं लागते. सीट तुझ्याच मापाची आहे, म्हणजे चालवणारी तूच. पाना दे तो.

बायको: घ्या. आणि चोर पकडल्यासारखं बोलू नका.

नवरा: डेपोत गाड्यांच्या पोटाखाली जन्म काढलाय मी. ड्रायव्हर लपवतो ते गाडी सांगते. हा निघाला बघ जुना आर्म, चाक धरून ठेवणारा दांडा. सांध्यावरची रबराची टोपी फाटलीय. आत बोट घाल.

बायको: पांढरं पीठ लागतंय.

नवरा: पीठ नाही, दगडाची भुकटी. बाजारात खडी फोडतात का?

बायको: मला काय माहीत, कुठून उडाली असेल.

नवरा: खडीची खाण इथं एकच आहे. आणि त्या वाटेला कोण राहतं, ते तुलाही ठाऊक, मलाही.

बायको: मग करा एकदाचा आरडाओरडा. हो, लेकीकडे जाते मी.

नवरा: तिनं आपल्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा काय ठरलं होतं?

बायको: ठरलं नव्हतं, तुम्ही ठरवलं होतं. 'तिच्या दारात आपल्या गाडीचं चाक लागणार नाही.' नाहीच लागलं. मी कोपऱ्यावर थांबते, ती चालत येते.

नवरा: वा! वकीलच व्हायला हवं होतंस. मग हेही सांग, शेजारची सीट एवढी मागं का? वर पाठीला उशी. पोर आपली काडीपैलवान, तिला एवढी जागा कशाला?

बायको: तुम्ही ना, खरंच...

नवरा: अजून काय लपवतेस?

बायको: दिवस गेलेत तिला. सातवा सरत आलाय. तपासायला मीच नेते. दवाखाना म्हणाले ना, ते खोटं नव्हतं.

नवरा: (जुना सांधा हातात फिरवत) हे बघ. दांडी खोबणीतून निघायला आली होती. एक मोठा खड्डा, की चाक आडवं. आणि शेजारी ती. सांगितलं का नाहीस?

बायको: सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असतीत. मग तिनं काय खडीच्या ट्रकमधून जायचं?

नवरा: तो नवा आर्म दे इकडे. दोन्ही बाजूंचे नवेच घालतो.

बायको: एवढंच? काही बोलणार नाही?

नवरा: झालं, दोन्ही आर्म बसले. आता जॅक उतरवतो. तू शेजारच्या सीटवर बस.

बायको: मी कशाला?

नवरा: चाकं जमिनीवर टेकल्याशिवाय, माणूस बसल्याशिवाय शेवटचे बोल्ट आवळायचे नसतात. गाडी अधांतरी असताना आवळले, तर आतलं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. उशी काढू नकोस गं. राहू दे तशीच.

बायको: आवळले?

नवरा: आवळले. आता चाकांचं अलाइनमेंट करून घेऊ आणि एक फेरी मारू. तू चालव, मी कान लावून बसतो.

बायको: बाजारापर्यंत?

नवरा: जिथं वाजायची, तिथं.

बायको: म्हणजे... कोपऱ्यापर्यंत?

नवरा: कोपऱ्यावरून काय कळणार? दारापर्यंत जावं लागेल.