दुनवालसाठी एक शब्द

ओस्लाक : …आणि शेवटी, ‘सोन्याची कडी वाटणारा, देवमाशाच्या वाटेचा स्वामी!’ इथं वीणा थांबवतो. कसं वाटलं, पोरी?

वुल्फरून : छान. कुणाचं गाणं आहे?

ओस्लाक : कुणाचं म्हणजे? तुझ्या भावाचं! संध्याकाळी दुनवालच्या श्राद्धाच्या जेवणात गायचंय.

वुल्फरून : अगंबाई! बोटीत पाय ठेवला की उलटी व्हायची त्याला. आणि कडी वाटली? डुकरं राखायचा हो तो, बाबा.

ओस्लाक : देवमाशाची वाट म्हणजे समुद्र, कडी वाटणारा म्हणजे मोठा दाता. असं म्हणायचं असतं. मठात गेलीस आणि गाणं विसरलीस.

वुल्फरून : विसरते कशी? सरदारांचे काका गेले तेव्हा हेच गायलात. जावई गेला तेव्हाही हेच. एकच झगा, जो मरेल त्याच्या अंगावर चढवायचा. निदान बाह्या तरी आखूड करा!

ओस्लाक : हे शब्द माझ्या गुरूंचे आहेत. लोकांना ओळखीचं लागतं. नवा शब्द आला की पेले हातातच राहतात, जो तो विचारतो, हे काय?

वुल्फरून : विचारू देत. सभाघर पेटलं तेव्हा दाराची तुळई खांद्यावर कुणी पेलली?

ओस्लाक : हळू बोल.

वुल्फरून : मी मोठ्यानं कधी बोलले? त्याच्या काखेखालून पहिलं कोण निसटलं?

ओस्लाक : …सरदार.

वुल्फरून : म्हणजे तुमच्या गाण्यांतला ‘रणातला लांडगा’. आणि त्यांच्यामागून?

ओस्लाक : मी. वीणा छातीशी धरून.

वुल्फरून : मग तेव्हा देवमासा दिसला का कुठं?

ओस्लाक : केस पेटले होते गं त्याचे. तरी मला म्हणाला, ‘डोकं खाली घ्या, बाबा, लागेल.’

वुल्फरून : हे नाही बसत गाण्यात?

ओस्लाक : ‘दार धरणारा’ म्हटलं की लोक विचारणार, कुणासाठी धरलं? सरदार समोरच बसलेले. त्यांनी हाकललं तर या वयात कुणाच्या चुलीशी जाऊ?

वुल्फरून : मग वाटा कडी. देवाला मी रोज खरं सांगतेच, त्याला गाणं लागत नाही. येते, प्रार्थनेची घंटा झाली.

ओस्लाक : थांब. (एक तार छेडत) ‘दुनवाल… दार धरणारा…’

वुल्फरून : पुढे?

ओस्लाक : पुढे जुना एकही शब्द बसत नाही.

वुल्फरून : मग तेवढंच गा. जेवण कोठारात आहे ना? तिथलं दार बुटकं आहे. डोकं खाली घ्या, बाबा.