सातवं गाणं गेनबांचं नाही
नाही म्हणजे? सातवं गाणं गेनबा शाहिरांचं नाही, असं म्हणताय तुम्ही — वाघोलीहून घोडं दामटत नारायण पेठेत आलात ते मला हे ऐकवायला? दत्तोबा, अहो अकरा वर्षं मी लावण्यांची बाडं उतरवतोय. माझ्या हातची बाडं श्रीमंतांच्या फौजेबरोबर पार यमुनेपर्यंत गेली, एकानं तोंड उघडलं नाही. आणि तुम्ही काल बाड नेलंत नि आज परत घेऊन हजर! बसा. नाही, बसा म्हणतोय ना. पायाशी दौत आहे, तेवढी सांभाळा.

तुमच्यासारख्या रसिकांचा मला मनस्वी संताप येतो. चौकात डफ वाजला की गेनबांची ती चार गाजलेली गाणी सगळं पुणं म्हणतं — तुम्हाला ती नकोत. तुम्हाला हवीत कोणी न ऐकलेली. कुठल्या कडव्यातली अबलख घोडी कुठल्या सरदाराची, कुठली विहीर हडपसरच्या वाटेवरची — एवढं ओळखलं की मिशीला पीळ! बरं, ओळखा. कोण नको म्हणतंय? पण म्हणून एका ओळीवरून अख्खं गाणं खोटं? शेवटी छाप आहे ना — ‘म्हणे गेनबा’? शाहीर आपलं नाव शेवटच्या ओळीत गुंफतो, ते दिसलं की मुकाट्यानं मान डोलवायची. कुठली ओळ ती ठाऊक आहे मला, बोट नका ठेवू, शाई पुसेल. ‘गुळगुळीत झालं जातं, दाणा भरडेना सखया — टाकी लावणारी गेली निघून तुझ्याच मुलखा.’

मग? शाहिराला हे कसं सुचेल, असं विचारताय! जात्याची तळी झिजली की टाकी लावणारी बाई येते, ठोकून ठोकून दगड खरखरीत करून देते — यात न कळण्यासारखं काय आहे? पोराटोरांनाही — नाही. बरोबर आहे तुमचं. गेनबा जन्मात जात्याला बसले नाहीत. मीही नाही. झिजलेलं जातं डोळ्यांना दिसत नाही, दत्तोबा, ते खांद्याला कळतं — खुंटा हलका फिरायला लागतो, बरं वाटतं घटकाभर, नि मग बघावं तर पिठाऐवजी अर्धा दाणाच बाहेर. हे पुरुषाला सुचायचं नाही. हे मुक्ताला —

बघा! नाव तोंडातून गेलं. घरात कधी घेतलं नाही नि तुमच्यापुढे — झालं समाधान? माझं कुटुंब. मी तीन वर्षं फौजेबरोबर उत्तरेत होतो, शिपायांची पत्रं लिहायला. लोकांची! रोज दहा-दहा! आणि घरी किती लिहिली? दोन. आलो तेव्हा दाराला कुलूप, किल्ली शेजारच्या शालूकडे. तिनंच सांगितलं, ताप आला नि चौथ्या दिवशी गेली. हे गाणंही तिनंच सांगितलं — तुमची बायको पहाटे दळताना हे म्हणायची, म्हणाली. त्यातला ‘सखया’ कोण, ते ओळखलंत का हो, एवढे जाणकार?

मग काय करायला हवं होतं मी? कारकुनाच्या बायकोची जात्यावरची ओवी म्हणून बाडात घातली असती, तर उतरवून नेली असती कोणी? तुम्ही नेली असती? खोटं बोलू नका! गेनबांचं नाव लावलं म्हणून सतरा बाडांत गेली. लबाडी केली, हो, आणि लाज वाटते तिची. पण त्या लबाडीवर अकरा वर्षं टिकलीय ती, नि तुम्ही एका दिवसात येऊन सांगताय — शाहिराचं नाही, फाडून टाका!

द्या इकडे. फाडणार नाही. चुकलेल्या अक्षरावर फासायला हरताळ असतो माझ्याकडे. हे बघा — ‘म्हणे गेनबा’ गेलं. पिवळा पट्टा राहिला. आता खूश? काय, तिचं नाव घालू म्हणता? छावणीतल्या शंभर तोंडांत जायला? नाही. असंच राहू दे. ओलं आहे, मिटू नका लगेच.

आणखी काय? हो, प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर मी चाल लिहितो, आणि सातव्यावर नुसतं ‘चाल’ लिहून पुढं कोरं सोडलंय — तेही दिसलंच का तुम्हाला! सोडलंय. शालूनं शब्द तेवढे सांगितले, पदर डोळ्यांना लावून. गायली नाही. मी गा म्हणालो नाही, आणि आता शालूही राहिली नाही. अहो, मी ऐकलंच नाही ते कधी! मला काय चाल विचारताय? उठा. बाड घ्या नि उठा — दार लावायचंय मला.