म्हशींनी तपासलेली टेकडी

चहा निवतोय, घ्या. तोवर आमच्या ऑफिसातल्या टेकडीचं सांगतो.

महाळुंग्यात एका नकाशे काढणाऱ्या ऑफिसात मी वॉचमन आहे. तिथं लातूरकडची शीतल नावाची पोरगी नवीन लागली. तिचं पहिलंच काम म्हणजे आमच्या गावच्या टेकडीचा नकाशा. चुकला तर साहेब घरी पाठवणार, म्हणून बिचारी दोन दिवस धड जेवली नव्हती.

दुपारी तिनं मला हाक मारली. "आबा, ही तुमची टेकडी. ओळखली का?"

कॉम्प्युटरवर टेकडी उभी होती, अगदी भिंतीसारखी. मी सावकाश बघितली आणि म्हटलं, "पोरी, ही आमची न्हाई. आमच्या टेकडीवर मी म्हशी चारल्यात. हिच्यावर म्हस चढायची न्हाई."

ती हसली. मग एकदम आकडे तपासायला लागली. "अगं बाई! आबा, उंचीचे आकडे फुटांत होते, मशीननं मीटर धरले. टेकडी तिपटीच्या वर गेली!"

तिनं कुठंतरी काहीतरी बदललं आणि टेकडी हळूच खाली बसली.

"व्हय, आता चढंल म्हस," मी म्हटलं. पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळी साहेबांनी नकाशा पास केला. विचारलं, "तपासला कुणी?"

"आबांनी," ती म्हणाली.

साहेब माझ्याकडं बघून हसले. "आबा, तुम्हाला तर वाचता येत नाही."

म्हटलं, "साहेब, म्हशींना तरी कुठं येत होतं?"